पिरॅमिडखालचा माड

डार्करूमचं दार कोणी ठोठावलं की माझं डोकं फिरतं. आत प्लेट औषधात असते. ही प्लेट म्हणजे काच. तिच्यावर मसाल्याचा पातळ थर असतो आणि फोटो आधी त्या थरावर उतरतो. औषधात घातली की चित्र हळूहळू वर येतं. तेवढ्यात फटीतून उजेडाची एक रेघ जरी आत आली तरी सगळं काळंठिक्कर. म्हणून मी दाराबाहेर ठळक अक्षरांत पाटी लावली होती, ‘थांबा’. गिरगावात पाटी वाचून थांबणारा माणूस मला अजून भेटायचाय.

"नाना, दार उघडा!"

"प्लेट आहे आत! जरा दम धरा!"

"कसला दम धरताय! लग्न मोडलं हो!"

"कोणाचं?"

"यमूचं! आमच्या यमूचं! तुमच्या त्या पडद्यापायी!"

आवाज भिकाजीपंतांचा होता. या माणसाचा आवाज चढलेला मी तोवर कधी ऐकला नव्हता. प्लेट कशीबशी धुऊन रॅकवर ठेवली आणि हात पुसत बाहेर आलो. भिकाजीपंत गिऱ्हाइकाच्या वेताच्या खुर्चीत बसले होते. पगडी मांडीवर होती. समोरच्या भिंतीवर माझा पिरॅमिडचा पडदा लटकत होता आणि ते त्याच्याकडे बघत होते. शिव्या द्यायला आलेला माणूस त्या वस्तूकडे असं बघत नाही, हे मला तेव्हाच जाणवलं होतं.

आधी पडद्याचं सांगतो. स्टुडिओत माणूस बसतो त्याच्यामागे एक रंगवलेलं कापड सोडलेलं असतं. सरस आणि खडू लावून कापड ताठ करायचं आणि त्यावर देखावा काढायचा, तोही काळा, पांढरा आणि तपकिरी एवढ्याच रंगांत. फोटोत रंग उतरत नाहीत, मग खर्च कशाला? बाकीचे स्टुडिओवाले बाग, जिना, महिरप असलं काहीबाही लावत. मी म्हटलं, आपण जगातली आश्चर्यं लावू. ताजमहाल, नायगाराचा धबधबा, चीनची भिंत आणि इजिप्तचे पिरॅमिड. दाराशी बोर्ड लावला, ‘जगातील आश्चर्ये गिरगावात’. धंदा जोरात चालला. वाण्याची सून ताजमहालासमोर, मास्तर चीनच्या भिंतीसमोर.

पडदे रंगवले आमच्या पांडू पेंटरनं. हा प्रभादेवीचा. हात मोठा तयार, पण मुंबईच्या बाहेर पाऊल टाकलेलं नाही. विलायती मासिकातली चित्रं मी त्याला दाखवायचो. चित्रात जे नीट दिसायचं नाही ते तो स्वतःच्या पदरचं घालायचा. त्यामुळे चीनची भिंत माहीमच्या किल्ल्यासारखी झाली होती. नायगाराच्या खालच्या दगडांवर नीट बघितलंत तर एक बाई कपडे आपटताना दिसायची. आणि पिरॅमिडच्या पायथ्याशी त्यानं माड काढले होते. चांगले उंच, वाकडे, आपल्या दादर-माहीमच्या वाडीतले माड.

"अरे, तिथं माड असतात का?" मी विचारलं होतं.

"झाड ते झाड, नाना. सावलीला बरं."

गिऱ्हाइकांची तक्रार नव्हती. तक्रार केली ती फक्त भिकाजीपंतांनी.

भिकाजीपंत आमच्या मागच्या चाळीत राहायचे. बायको वारलेली. घरात विधवा बहीण आणि दोन मुली, थोरली यमुना आणि धाकटी अजून परकरातली. फोर्टात एका आगबोट कंपनीत ते कारकून होते. काम काय, तर विलायतेला जाणाऱ्या साहेबलोकांची तिकिटं करायची. एडन, सुएझ, पुढं इटलीतलं ब्रिंडिसी. कुठली बोट कधी सुटते, सुएझला कोळसा भरायला किती थांबते, तिथं उतरून आगगाडीनं कैरोला कसं जायचं, सगळं त्यांच्या जिभेवर. साहेब विचारायचा, "पिरॅमिड बघायला वेळ मिळेल का?" आणि हे सांगायचे, कुठली गाडी धरा, गाढव कुठं भाड्यानं मिळेल आणि उन्हं चढायच्या आत परत फिरा. साहेब म्हणायचा, "तू गेला होतास वाटतं?" हे हसायचे आणि शिक्का मारायचे.

स्वतः भिकाजीपंतांचा समुद्रप्रवास म्हणजे ऑफिसच्या मंडळींबरोबर घारापुरीची लेणी बघायला मचव्यातून गेले, तेवढाच. बाकीचे लेणी बघत होते तेव्हा हे धक्क्यावर बसून बाहेर पडणारी आगबोट बघत होते. हे त्यांनीच मला सांगितलं.

"मग जा की एकदा," मी म्हणायचो. "कंपनी भाड्यात सवलत देईल."

"देईल हो. पण दोन मुली आहेत ना पदरात."

ह्याचा अर्थ आजच्या पोरांना सांगावा लागतो. त्या काळी समुद्र ओलांडला की माणूस बाटला असं आमच्यात धरत. परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यायचं, पंचगव्य प्यायचं, म्हणजे दूध, दही, तूप, गोमूत्र आणि शेण एकत्र करून. मग कुठं तो पंगतीत बसायचा, तेही ज्ञातीतल्या मोठ्या मंडळींच्या मनात आलं तर. आणि जाऊन आलेलं लपवलं, तर त्याच्या घरी कोणी पाणीसुद्धा प्यायचं नाही. त्याची मुलगी करून घेणं लांबच राहिलं.

तर हे भिकाजीपंत एक दिवस ऑफिस सुटल्यावर माझ्याकडे आले आणि लाजत लाजत म्हणाले, "नाना, एक फोटो काढायचाय. पिरॅमिडसमोर."

मी म्हटलं, बसा. गिऱ्हाइकांसाठी आमच्याकडे सामान असायचं. जाड पुस्तक, फुलदाणी, छडी, साहेबलोक उन्हात घालतात तशी एक सोला हॅट. भिकाजीपंतांनी पगडी काढली, हळूच बाजूला ठेवली आणि सोला हॅट उचलली.

"चालेल का हो?"

"चालेल की! साहेब दिसाल."

मलाही हुरूप आला. पडद्याची खालची कड जमिनीला टेकते तिथं रेघ दिसते आणि सगळी मजा जाते. मी हमालाला चौपाटीवर पिटाळलं आणि टोपलीभर वाळू आणवली. ती पायाशी पसरली. रेघ गायब. पडदा जरा मागे सरकवला, म्हणजे तो किंचित पुसट येतो आणि खरंच लांबवर काहीतरी उभं आहे असं वाटतं. ही सगळी माझीच अक्कल. पुढं हीच अक्कल भोवली.

त्यांनी पडद्याजवळ जाऊन बोट लावलं. "हे माड नकोत, नाना. तिथं खजूर असतो."

"आता ऐन वेळी कुठून आणू खजूर?"

"नाही, नाही, असू द्या. फोटोत कोण बघतंय."

तेव्हा प्लेटवर प्रकाश घ्यायला काही सेकंद लागत. माणूस हलू नये म्हणून मागून मानेला एक चिमटा लावलेला असे. मी म्हटलं, लेन्सकडे बघा, श्वास धरा. झाकण काढलं, आणि हे महाशय मान सोडवून वळले ते पडद्याकडे!

"अहो पंत! पुढं बघा! प्लेट फुकट गेली!"

"चुकलं, नाना. क्षणभर वाटलं, बघून घ्यावं."

दुसऱ्या प्लेटला नीट उभे राहिले. काय फोटो आला म्हणून सांगू! इतका चांगला फोटो मी त्या सालात काढला नव्हता. हातात छडी, डोक्यावर हॅट, पायाखाली वाळू आणि डोळ्यांत असं काहीतरी की बघणाऱ्यानं म्हणावं, हा माणूस आत्ताच गाढवावरून उतरलाय. त्यांनी तो फ्रेम करून पुढच्या खोलीत लावला.

त्यानंतर महिन्याभरात यमुनेचं जमलं. स्थळ प्रभादेवीचं. मुलाचे वडील दाजीसाहेब म्हणजे ज्ञातीतलं बडं प्रस्थ. स्वभावानं कडक, पण माणूस सरळ. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी, घर खाऊनपिऊन सुखी. यमुनेला मुलगा आवडला होता. बिन आईच्या पोरीचं एवढं चांगलं जमलं म्हणून सगळ्या चाळीला आनंद. आणि भिकाजीपंतांनी माझं दार ठोठावलं त्या दिवशी ती मंडळी सुपारी फोडायला म्हणून पहिल्यांदाच त्यांच्या घरी आली होती. दाजीसाहेब पाटावर बसले, मान वर केली आणि समोर फोटो.

"मग?" मी विचारलं.

"मग काय! म्हणाले, हा तर मिसर देश. मी म्हटलं, नाही हो, स्टुडिओतला पडदा आहे. ते म्हणाले, आगबोटीच्या कंपनीत नोकरी, अंगावर साहेबाचा वेष, पायाखाली वाळवंट, आणि आम्हाला पडदा सांगता? पुढ्यातलं पाणी तसंच ठेवून उठले. यमू दारामागे उभी होती."

"अहो मग घेऊन टाका प्रायश्चित्त आणि मिटवा."

"न जाता? आणि घेतलं तर मी खोटं बोललो असंच ठरेल ना! त्यांचं म्हणणंच ते आहे. गेला असतात तर चाललं असतं, लपवलंत ते चालणार नाही. लपवणाऱ्या घरात सोयरीक नाही." त्यांनी माझा हात धरला. "नाना, परवा प्रभादेवीच्या देवळात चार मोठी मंडळी बसणार आहेत. तुम्ही पडदा घेऊन चला. माझी पोर वाचवा."

मी हो म्हटलं. म्हणणारच. म्हटलं, त्यात काय, पडदा दाखवायचा आणि जेवायला घरी यायचं.

पडदा बांबूला गुंडाळून खटाऱ्यात घातला. परळपर्यंत मी एकटाच बोलत होतो. कसं समजवायचं, आधी लेन्स, मग प्लेट, मग निगेटिव्ह, सगळं मनात जुळवत होतो.

देवळाच्या सभामंडपात दोन खांबांना दोरी बांधून पडदा सोडला. डावीकडे देवी, उजवीकडे पिरॅमिड. पुजाऱ्यानं डोळे विस्फारले. दाजीसाहेब मधोमध बसले होते, बाजूला आणखी तीनचार पागोटी. खांबाला टेकून त्यांची म्हातारी आई बसली होती. तिला सगळे काकी म्हणत. काकी माळ ओढत होती आणि पडद्याकडे बघत होती.

मी सुरुवात केली. "दाजीसाहेब, हा पाहा पडदा. आणि हा फोटो. दोन्ही एकच आहेत."

दाजीसाहेबांनी फोटो हातात धरून पडद्याशी ताडून पाहिला. "एकच आहेत."

"झालं तर मग!"

"काय झालं? फोटो आधी काढला असेल आणि त्यावरून पडदा नंतर रंगवला असेल. आमच्यासाठी."

असं कोणी म्हणेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

"अहो, सावल्या बघा! माणसाची सावली उजवीकडे आहे आणि पिरॅमिडची डावीकडे. खऱ्या उन्हात असं होईल का?"

"सावल्यांचं आम्हाला काही कळत नाही, फोटोवाले."

"बरं, मग वाळू! ती चौपाटीची आहे, मी आणवली!"

"वाळूवर गावाचं नाव लिहिलेलं असतं का?"

मागून कोणीतरी हसलं. सगळा धंदा समजावून सांगायचं ठरवून आलो होतो आणि दोन वाक्यांत माझी हवा गेली. मनात म्हटलं, नाना, आता गप्प बसा, तुम्ही बोलताय तेवढं बिघडतंय.

दाजीसाहेबांनी फोटो खाली ठेवला. "पडदा-बिडदा राहू द्या बाजूला. भिकाजीपंत, तुम्ही खोटं बोलणारे दिसत नाही. इथं देवीसमोर एका शब्दात सांगा. तुम्ही मिसर देशाला गेला होतात की नाही? तुमच्या शब्दावर मी मुलाचं लग्न करीन."

झालं! मी सुटकेचा श्वास सोडला. माणूस गेलेला नाही. नाही म्हणायचं, संपलं.

आणि भिकाजीपंत बोलेनात.

पडद्याकडे बघत उभे होते. ओठ हलायचे आणि परत मिटायचे. मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. एकानं मान हलवली, म्हणजे काय ते समजा अशा अर्थानं. मी मागून कोट ओढला.

"पंत, अहो, बोला ना! नाही म्हणा! यमूचा तरी विचार करा!"

"म्हणतो हो," ते हळूच म्हणाले. "म्हणतो. जरा थांबा."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. या माणसाला आयुष्यभर सगळ्यांनी विचारलं होतं, गेला होतास का? आणि तो हसून वेळ मारून नेत होता. तोंडानं ‘नाही’ असं त्यानं कधी म्हटलंच नव्हतं. तो शब्द बाहेर पडला की त्याचं जाणंच संपणार होतं. मला इतकं वाईट वाटलं की मी त्यांचा कोट सोडून दिला.

मग ते पुढं झाले. पडद्याजवळ गेले आणि माडाच्या बुंध्यावर बोट ठेवलं.

"दाजीसाहेब, हे झाड बघा. हा माड आहे. पिरॅमिडपाशी माड नसतात. तिथं खजूर असतो."

दाजीसाहेब कसले सोडतात! "तिथं काय असतं आणि काय नसतं, हे न जाता तुम्हाला कसं ठाऊक?"

बोंबला! मी कपाळावर हात मारला. आपल्याच तोंडानं आपला गळा आवळला ह्यांनी.

पण भिकाजीपंतांचा आवाज आता स्थिर झाला होता. "वाचून. सगळं वाचून ठाऊक आहे मला. आणि दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारून. हे बघा, बुंध्यावर खाचा आहेत. माडी काढणारे पाय ठेवायला पाडतात त्या. आणि हे वर बघा, शेंड्याला काय टांगलंय."

सगळे वाकून बघायला लागले. पडदा माझा, पण ते मला कधी दिसलं नव्हतं. झावळ्यांमध्ये पांडूनं एक लहानसं मडकं काढलं होतं. माडीचं मडकं. देवळाबाहेर चार पावलांवर वाडी सुरू होत होती आणि तिथल्या प्रत्येक माडाला तसलंच मडकं लटकत होतं. दाजीसाहेबांनी बाहेर पाहिलं, मग आत पाहिलं, मग फोटो उचलून डोळ्यांजवळ धरला. फोटोतसुद्धा मडकं होतं. पुसट, पण होतं.

"मिसरच्या वाळवंटात आमच्या प्रभादेवीचे भंडारी माडी काढायला जात नाहीत," भिकाजीपंत म्हणाले. "हा देखावा इथल्या माणसानं इथं बसून काढलाय. मी त्याच्यापुढं उभा राहिलो. गिरगावात." त्यांनी बोट खाली घेतलं. "इतकी वर्षं लोकांना तिकिटं करून देतोय, दाजीसाहेब. दारातून सगळं जग गेलं माझ्या. मी नाही गेलो. कुठंच नाही गेलो."

आणि तिथंच, चार मंडळींत, रडायला लागले. मोठा माणूस असा रडताना बघणं कठीण. मी देवीकडे तोंड केलं आणि उगाच घंटा वाजवली.

दाजीसाहेब उठले. त्यांनी भिकाजीपंतांच्या खांद्यावर हात ठेवला. "पुरे, व्याही. माझं चुकलं. लग्न ठरल्याप्रमाणे होईल."

मंडळी उठायला लागली. तेवढ्यात काकीनं माळ खाली ठेवली. "थांब रे दाजी. लग्न होऊ दे. पण ह्याला पंचगव्य दे."

"आई, ते गेलेच नाहीत. पटलं ना सगळ्यांना?"

"पटलं. पण फोटो लोकांनी बघितलाय. प्रत्येकाला का तू पडदा दाखवत फिरणार? उद्या पंगतीत कुजबूज नको. आणि काय रे," ती भिकाजीपंतांकडे वळली, "शरीर गेलं नसेल तुझं. मन तर गेलंय ना?"

भिकाजीपंतांनी डोळे पुसले. "गेलंय, काकी."

"मग घे हो. काही बिघडत नाही."

"घेतो."

तिनं पडद्याकडे बोट केलं आणि आवाज उतरवून विचारलं, "खरंच एवढं मोठं असतं का रे ते?"

"राजाबाई टॉवर उचलून मलबार हिलच्या डोक्यावर ठेवला, तर तेवढं."

"अगं बाई!" काकी म्हणाली आणि बराच वेळ पडद्यासमोरून हलली नाही. शेवटी दाजीसाहेबांनीच तिला हाताला धरून नेलं.

प्रायश्चित्त चाळीत झालं. मला बोलावणं होतं. लोक पंचगव्य पिताना तोंडं वाकडी करतात. भिकाजीपंतांनी मात्र पळी ओठाला लावली, डोळे मिटले आणि शांतपणे पिऊन टाकली. परदेशातून घरी परतलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा होता. यमुनेचं लग्न थाटात लागलं. फोटो अर्थात मीच काढला, महिरपीच्या पडद्यासमोर. ताजमहाल लावू का विचारलं तर दाजीसाहेबांनी हात जोडले.

वरात गेल्यावर थोड्याच दिवसांत भिकाजीपंत स्टुडिओत आले. या खेपेला बाहेर थांबले, प्लेट होईपर्यंत.

"नाना, एक गंमत बघा. प्रायश्चित्त झालं. प्रवास तेवढा राहिला."

"मग जा आता! हिशेब सरळ आहे."

"धाकटीचं व्हायचंय." ते पडद्याजवळ गेले. "तेवढ्यात एक काम करता? ह्या माडांचे खजूर करून घ्या. म्हणजे परत कोणी विचारलं तर..." त्यांनी माडीच्या मडक्यावर बोट ठेवलं.

मी पांडूला बोलावलं. तो कुरकुरला. खजूर बघितलाय कोणी? भिकाजीपंतांनी त्याला शेजारी बसवून सांगितलं. पानं कशी पसरतात, खोड कसं खवल्यांचं असतं, घड कुठं धरतात. शेवटी दोघं भोईवाड्याच्या वाटेवर शिंदीची झाडं बघायला गेले, कारण शिंदी आणि खजूर सख्खी भावंडंच. पडदा नवा झाला. मी पुन्हा वाळू आणवली. सोला हॅट झटकली. भिकाजीपंत उभे राहिले आणि ह्या वेळी मान अजिबात हलली नाही.

फोटो पहिल्यापेक्षाही चांगला आला. पण त्यांनी तो घरी नेला नाही.

"इथंच ठेवा. आतल्या खोलीत. धाकटीचं झालं की नेतो."

फोर्टातून परतताना ते अधूनमधून डोकावायचे. आत जायचे, फोटोसमोर उभे राहायचे, बाहेर येऊन "बरं, येतो" म्हणायचे आणि घरी जायचे. मी कधी मध्ये पडलो नाही.

धाकटीचंही लग्न झालं. त्या आठवड्यात भिकाजीपंत पळतच आले. कंपनीनं सवलत मंजूर केली होती, रजा मिळाली होती, बोटसुद्धा ठरली होती. मी पेढे मागवले. पांडू म्हणाला, पंत, तिथं माड असले तर मला कळवा. खूप हसलो आम्ही.

आणि मुंबईत प्लेग आला. बोटी सुटत होत्या, पण मुंबईचा उतारू सुएझला कोणी सरळ किनाऱ्यावर घेईना. क्वारंटाइन, तपासण्या, परत पाठवणी. भिकाजीपंतांची रजा तशीच गेली. ते माझ्याकडे आले तेव्हा गिरगाव अर्धं रिकामं झालं होतं. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बघा नाना. इतके दिवस इथले नको म्हणत होते. आता तिथले नको म्हणतायत."

मी म्हटलं, साथ जाईल की.

"जाईल. मग बघू."

बहिणीला घेऊन ते कोकणात गावी गेले. साथ ओसरली, गिरगाव पुन्हा भरलं, पण ते आले नाहीत. यमुना एकदा येऊन सांगून गेली की वडील तिकडेच वारले, तापानं. फोटो मी तिला देऊ केला. तिनं तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "इथंच राहू दे नानाकाका. रस्त्यावरून दिसेल असा लावा. आता कोणाचं लग्न व्हायचं नाही."

म्हणून तो मी बाहेरच्या शोकेसमध्ये लावला. धंद्यापुरतं सांगायचं तर, त्या प्रकरणानंतर मी पडद्यावरचं एकेक पान तपासल्याशिवाय पेंटरला पैसे देत नाही. नायगारातली धुणं धुणारी बाईसुद्धा काढायला लावली.

गिऱ्हाईक फोटोसमोर थांबतं. थांबतंच.

"हे कोण हो?"

"भिकाजीपंत. आमच्या गिरगावातलेच."

"इजिप्तला गेले होते?"

"हो," मी सांगतो. "प्रायश्चित्तसुद्धा घेतलं होतं त्यांनी. मी होतो ना तिथं."